पल्याडचा पाट

माझ्या तोंडाला लगाम न्हाय, हे माझ्या माहेरच्यांनी लग्नाआधीच सांगायला पायजे व्हतं. त्यांनी सांगितलं न्हाय आन् आमचे कारभारी फसले. आता इतकी वर्षं झाली, एकदाबी तक्रार केली न्हाय बिचाऱ्यांनी. म्या करूच दिली न्हाय म्हणा! पण ह्याच तोंडानं एकदा मला असं तोंडघशी पाडलं, की अजून आठवलं तरी कानशिलं गरम व्हत्यात. आता हसू येतं, तवा आलं नव्हतं.

जळकोटापासून कोसभर आत आमची वस्ती हाय. दोन भावांचं एकच माळवदाचं घर. वाटण्या झाल्या तवा मधी भिंत घातली. भिंत तरी कसली, कच्च्या विटांची एक रांग आन् दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा. ह्या अंगाला मी, कमल, धाकटी. त्या अंगाला माझी थोरली जाऊ, द्वारका अक्का. भिंत पुरुषांनी घातली. आमा दोघींचं तिच्यावाचून काय अडलं न्हाय. कालवणात मीठ जास्त पडलं तरी मी इकडून वरडायची, आन् अक्का तिकडून म्हणायची, "दोन बटाटे टाक गं बाई, घर डोक्यावर घेऊ नको."

एक गोष्ट मातर आमी नेमानं करायचो. भिंतीत खुंटी ठोकायची झाली, की जिला ठोकायची तिनं हाक मारायची, "पाट लावा!" दुसरीनं हातातलं काम सोडून जेवायचा पाट उचलायचा, बरोब्बर त्या जागी पल्याडनं भिंतीला टेकवायचा, दाबून धरायचा आन् म्हणायचं, "हाण!" अक्का खांदा लावून दाबायची. तिचं उजवं मनगट म्हशीच्या दाव्यात सापडून मोडलं व्हतं, ते नीट बसलंच न्हाय. त्या हातानं तिला भरली घागरबी उचलवायची न्हाय. पाट कशाला लावायचा, हे म्या कधी विचारलं न्हाय. पहिली खुंटी ठोकताना अक्काच म्हणली, "थांब, पाट लावते," आन् तवापासून ती रीतच पडली. ही भिंतीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

वाटणीत सासऱ्यांची जुनी विहीर थोरल्यांकडं गेली. पायऱ्यांची, झकास विहीर. वरचा भाग बांधलेला, खाली सगळा काळा खडक. दोन्ही घरं पाणी प्यायची तिचंच, पण दोघांचं रान काय तिच्यावर भिजायचं न्हाय. म्हणून आमच्या कारभाऱ्यांनी आमच्या हिश्श्यात नवी विहीर काढायची ठरवली. पाणाड्या आला, हातावर नारळ धरून सगळ्या रानातून फिरला, आन् त्याचा नारळ उभा राहिला कुठं? बांधाला लागून! जुन्या विहिरीपासून मोजून बारा हातांवर.

अक्का बांधावर येऊन उभी राहिली. एरवी मऊ बोलणारी बाई, पण त्या दिवशी एकेक शब्द मोजून बोलली. "कमल, खुशाल विहीर खांदा. पाणी कुणाच्या बापाचं न्हाय. पण ही विहीर मामंजींनी स्वतः उतरून खांदली हाय. तिचा झरा तुमच्याच अंगाच्या खडकात हाय. त्या खडकाला धक्का लागला आन् झरा फुटून गेला, तर दोन्ही घरं तहानंनं मरतील. तसं झालं, तर तुझ्या-माझ्या घराचं पाणी तुटलं म्हणून समज."

"अवं अक्का," म्या म्हणलं, "एक खडा जरी हलला तर माझं नाव बदला!"

बघा, हे माझं तोंड!

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. जळकोटला पेढे वाटले आन् आमच्या खड्ड्याला काळा पाषाण लागला. दोन्ही एकाच आठवड्यात. पहारीचं टोक आपटलं की ठिणगी उडायची आन् पहारच वाकडी व्हायची. मंग तेरखेड्याहून शांतलिंग मिस्तरी आणला. तेरखेडा म्हंजी दारूकामाचं गाव. मिस्तरीच्या आज्यानं, बापानं जत्रांमधून बाण उडवले, ह्यानं तीच दारू दगडात ठासायला घेतली. काटकुळा माणूस, डाव्या डोळ्यावरची भुवई कायमची जळालेली, आन् गर्व असा की बोलायची सोय न्हाय. "पंधरा वर्षांत अडीचशे विहिरी काढल्या," म्हणायचा. "दगड माझ्याशी बोलतो." म्या म्हणलं, "बरं झालं, आमच्या घरात दुसरं कुणाला बोलायची पाळीच येत न्हाय." भुवई नसलेल्या अंगानं बघितलं माझ्याकडं.

पहिले पंधरा दिवस त्यानं काळी दारू वापरली. भोकं पाडायची, दारू घालायची, वर माती ठासायची, वात लावायची. खालनं 'घूं' करून आवाज यायचा आन् दगड फुगल्यासारखा वर उचलला जायचा. पण सोळा हातांच्या खाली खडक असा लागला, की दारू नुसती धूर करून मोकळी. मिस्तरी चिडला. दोन दिवस गायब झाला आन् परत आला तो नव्या कांड्या घेऊन. बोटाएवढ्या जाड, मेणकागदात गुंडाळलेल्या. म्हणला, "दारू दगडाला रेटती. ही कांडी दगडाला थोबाडीत देती. आता बघा गंमत."

त्या दिवशी खड्ड्याच्या तोंडावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या, वर जुनी पोती टाकली. बांधाच्या आमच्या अंगाला तर भावजींनी, म्हंजी थोरल्या दिरांनी, कडब्याच्या पेंढ्यांची भिंतच उभी केली. "सुरुंग!" अशी आरोळी झाली. मी आन् अक्का चिंचंखाली कानात बोटं घालून बसलो. आवाज काय झाला म्हणता! 'घूं' नव्हे, 'ठाण्!' असा. पायाखालची भुई एकदाच टचकन वाजली आन् गप झाली. खाली बघितलं तर पाषाणाचा नुसता चुरा. कारभारी नाचायचेच बाकी व्हते. म्या गूळ वाटला. अक्कानं पेंढ्या बघितल्या, बांध बघितला. कुठं चीर न्हाय, काय न्हाय. तिनंबी गूळ खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या दारात आली. मागं भावजी, त्यांच्या खांद्यावर दगडाची एक कपची. काटवटीएवढी रुंद, दोन बोटं जाड. त्यांनी ती अंगणात टाकली. जुन्या विहिरीतून, आमच्या अंगाच्या खडकाची कपची निघून पायरीवर पडली व्हती. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी, अख्खी. एक बाजू शेवाळलेली, दुसरी कोरी करकरीत.

"झऱ्याच्या वर हातभर," अक्का म्हणली. बस, एवढंच.

शांतलिंग मिस्तरी तरातरा दोन्ही विहिरी उतरून आला. कपाळावर आठ्या. म्हणला, "आपल्या अंगाचा खडक शाबूत हाय. मधल्या बारा हातांत केसाएवढी चीर न्हाय. ज्या अंगाला मारलं तिथं काय न्हाय, आन् ज्या अंगाला हातबी लागला न्हाय तिथली कपची निघती? पंधरा वर्षांत असं झालं न्हाय. ही सुरुंगाची करणी न्हाय बाई. हे कुणाच्या तरी पहारीचं काम हाय."

त्यानं 'कुणाच्या तरी' म्हणलं व्हतं. त्या माणसाला तेवढी तरी अक्कल व्हती. मला कुठली?

"कुणाच्या तरी कशाला? नाव घ्या की!" म्या म्हणलं. "अक्का, आमची विहीर तुमच्या डोळ्यात सलती, हे सरळ सांगायचं व्हतं. रातोरात खाली उतरून पहार घालायची आन् सकाळी आमच्या दारात दगड आणून टाकायचा, ही कुठली रीत?"

कारभारी "अगं, अगं" करत राहिले. भावजींनी मान खाली घातली. अक्का माझ्याकडं बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं डावा हात उजव्या मनगटावर ठेवला, आन् भावजींना म्हणली, "आता सुरुंग न्हाय." आन् गेली.

ते मनगट माझ्या डोळ्यासमोर व्हतं. म्या स्वतः त्याला हळदीचा लेप लावला व्हता, महिनाभर तिच्या घरचं दळण दळलं व्हतं. ह्या हातानं पहार उचलायची? पण तोंड सुटलं व्हतं, आन् सुटलेलं तोंड मागं घ्यायला जी लाज लागती ती मला त्या सकाळी नव्हती.

त्या दिवसापासून भिंत खरंच भिंत झाली. पाण्याला कुणी नको म्हणलं न्हाय, पण म्याच जुन्या विहिरीवर जायचं सोडलं. अर्ध्या कोसावरच्या ओढ्यात झिरा काढला व्हता, तिथून घागरी आणायला लागले. ताठा! आन् काम बंद पडलं. मृग नऊ दिवसांवर आलेला. त्याच्या आधी पाषाण फुटून पाणी लागलं न्हाय, तर पावसाच्या लोंढ्यानं खड्डा गाळानं भरणार, कडा ढासळणार, वर्षाची मेहनत मातीत. कारभारी रोज सकाळी जाऊन खड्ड्याच्या काठावर बसायचे आन् दुपारी उठून यायचे. मला एक शब्द बोलले न्हायत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

सहाव्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलं. चाळणी ठेवायला जागा न्हाय, पायली तिसरीकडंच, दोरखंड पायात. म्हणलं, एक खुंटी तर ठोकावी. बाभळीची खुंटी घेतली, कारभाऱ्यांचा हातोडा घेतला, भिंतीला टोक लावलं. तोंडात हाक आली, "अक्का, पा—" आन् ती तिथंच गिळली. कुणाला हाक मारायची? म्हणलं, नकोच कुणाचा पाट. माझी भिंत, माझी खुंटी. आन् सगळा राग हातोड्यात घालून हाणला, ठाण्!

पल्याड धप्पकन काय तरी पडलं, आन् अक्का किंचाळली, "अगं बाई गं! माझं दूध!"

मी दचकले. माझ्या अंगाला बघितलं. खुंटी दोन बोटं आत, गिलावा जसाच्या तसा. एक तडा न्हाय. मंग पल्याड काय पडलं?

हातोडा तसाच हातात घेऊन मी अंगणातून अक्काच्या दारात गेले. सहा दिवसांनी पहिल्यांदा. अक्का चुलीपाशी उभी, हातात पळी. भिंतीवरचा परातीएवढा गिलावा निघून खालच्या दुधाच्या पातेल्यात पडलेला. बरोब्बर माझ्या खुंटीच्या समोर. एकसंध पापुद्रा. एक बाजू सारवलेली, दुसरी कोरी करकरीत.

मला त्या पापुद्र्यात विहिरीची ती कपची दिसली. तीच, डिट्टो तीच!

"अक्का," म्या म्हणलं, "अक्का, म्या इकडून हाणला आन् पडला तिकडं. माझ्याकडं ओरखडा न्हाय. आन् तुमच्याकडं..."  मी चुलीपुढं बसले. "मी खोटं बोलले वं अक्का. तुमी पहार घातली न्हाय. ज्या हाताला म्या हळद लावली त्याच हातावर म्या आळ घेतला. जीभ झडली पायजे माझी. चुकलं माझं."

अक्कानं दुधातली माती पळीनं काढली. सगळं दूध म्हशीच्या पाटीत ओतलं. पातेलं घासायला घेतलं. माझ्याकडं बघितलं न्हाय. शेवटी पातेल्याला म्हणली, "लोकांच्या हातात हातोडा हाय अजून. आधी तो खाली ठेवा म्हणावं."

म्या हातोडा खाली ठेवला आन् पळत कारभाऱ्यांकडं गेले.

मिस्तरी जळकोटच्या नाक्यावर बहिणीकडं मुक्कामाला व्हता. कारभारी सायकल घेऊन गेले आन् त्याला मागं बसवूनच आणलं. म्या त्याला अक्काची भिंत दाखवली, माझी भिंत दाखवली. आधी त्यानं माझ्या अंगानं भिंतीला खांदा लावून जोरात रेटा दिला. काय झालं न्हाय. मंग हातोड्यानं एकच टोला दिला. पल्याड पुन्हा धप्प! अक्का म्हशीला म्हणली, "सांग बाई लोकांना, माझी भिंत काय तालीम न्हाय." (तिचं दूध त्या वेळी शिंक्यावर व्हतं.)

मिस्तरी भुईवर बसला. पंधरा वर्षांचा गर्व त्या माणसाच्या तोंडावरून उतरताना म्या ह्या डोळ्यांनी बघितला. पण माणूस खरा कारागीर. त्यानं अंगणातून पाच गोल गोटे उचलले, अंगठ्यानं मातीत चर ओढला, त्यात एकाला एक चिकटून मांडले. सहावा गोटा घेऊन पहिल्याला टक्कन मारला. पहिले चार जागच्या जागी. पाचवाच तेवढा टुणकन सुटून लांब गेला.

"असं व्हय," तो म्हणला. "दारू रेटत व्हती, सावकाश. तिनं कधी पल्याडचं काय पाडलं न्हाय, म्हणून मला कळलं न्हाय. कांडीचा ठोका पडतो. ठोका दगडातून दाबत दाबत जातो, आन् दाबाला दगड कुणाला हार जात न्हाय. म्हणून मधी चीर न्हाय. पण पल्याडच्या मोकळ्या तोंडाला पोचला, की पुढं दाबायला काय उरत न्हाय. मंग तो माघारी फिरतो, आन् फिरताना दगडाला ओढतो. दगड ताणाला लई कच्चा. तिथंच पापुद्रा सुटतो." मंग तो अक्काच्या बाजूला वळला आन् चक्क हात जोडले. "थोरल्या बाई, मी बी पहारीचं नाव घेतलं. चुकलं."

"पण आता काय?" कारभारी म्हणले. "मृग तीन दिवसांवर हाय. हलकी कांडी लावली तर पाषाण फुटत न्हाय, आन् भारी लावली तर दादाची विहीर जाती."

मिस्तरी त्या पाचव्या गोट्याकडंच बघत बसला. मी बी बघत व्हते. आन् माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. इतकी वर्षं आमी काय करत व्हतो?

"पाट लावायचा!" मी वरडले. "विहिरीला पाट लावायचा! अवं, पल्याडनं पाट दाबून धरला की गिलावा कधी पडला न्हाय आमचा. ठोका पाटात जायचा, पाट थरथरायचा, भिंत राहायची. शेवटचा गोटा जाऊ दे की! फकस्त तो भिंतीचा नको, दुसरा पायजे!"

मिस्तरी टकामका बघायला लागला. मंग म्हणला, "लाकडाचा न्हाय चालायचा, बाई. दगडाला दगडच पायजे, तरच ठोका त्याच्यात उतरंल. सपाट, जाड, एकाला एक भिडलेला. आन् मधी बोटभरबी पोकळी नको, ओली काळी माती भरून दाबायची. पण एवढा सपाट दगड तीन दिवसांत आणायचा कुठून?"

 मी उठले, आन् आमच्या ओसरीकडं बघितलं. मागल्याच साली कारभाऱ्यांनी माझ्यासाठी शहाबादी फरशी घातली व्हती. अकरा फरश्या. सगळ्या वस्तीत तशी ओसरी एकाची न्हाय. मी दिवसातून दोनदा पुसायची, पोरं चिखलाचे पाय घेऊन आली तर वसकन अंगावर जायची. द्वारका अक्कालाबी म्या एकदा "पाय पुसा" म्हणलं व्हतं. व्हय, म्हणलं व्हतं.

"पहार द्या," म्या म्हणलं.

कारभारी म्हणले, "अगं, फुटतील त्या."

"फुटू द्या की. फुटायलाच लावायच्यात." आन् पहिली फरशी म्या स्वतः उचकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जुन्या विहिरीत काम चाललं. भावजी आन् कारभारी, दोघं भाऊ, वाटणीनंतर पहिल्यांदाच एका पायरीवर. काळी माती भिजवून लोण्यावाणी मळली. झऱ्याच्या आजूबाजूला सगळ्या खडकावर ती थापली, त्यावर एकेक फरशी दाबून बसवली, मिस्तरीनं मुठीनं ठोकून पोकळ आवाज कुठं येतो ते बघितलं. एके ठिकाणी आला तर फरशी काढून पुन्हा बसवायला लावली. वरून दोर बांधून सगळ्या सैल टांगून धरल्या, ठोका बसला की सुटून पडाव्या म्हणून. अक्का वर काठावर बसून व्हती. मी खालनं मातीच्या पाट्या देत व्हते. एकदा माझा पाय घसरला, तर वरून आवाज आला, "लोकांना सांगा, शेवाळावर पाय देऊ नये." म्या म्हणलं, "सांगते हो लोकांना." तिच्या ओठाचा कोपरा हलला का? हलला असंल. मला खालून नीट दिसलं न्हाय.

दुपारी "सुरुंग!" झालं. ह्या वेळी चिंचंखाली मी बुंध्याच्या एका अंगाला आन् अक्का दुसऱ्या अंगाला.  झरा गेला तर दोन्ही घरांचं पाणी गेलं, आन् अक्का तर जन्माची गेली. ठाण्! भुई टचकन वाजली. आन् लगोलग जुन्या विहिरीतून धाड, धाड, धाड, धाड! एकामागं एक. माझ्या फरश्या! मी मोजत व्हते, अकरापर्यंत मोजल्या.

 मंग अक्का उठली. मिस्तरी "थांबा बाई, धूर—" म्हणायच्या आत ती पायऱ्या उतरायलाबी लागली, डाव्या हातानं भिंत धरत. मी वर काठावर पोटावर पडून बघत राहिले. खाली तुकडेच तुकडे. अक्कानं खडकावरची ओली माती हातानं पुसली. इथून तिथवर, सावकाश, लेकराचं अंग पुसावं तसं. झऱ्यापाशी हात ठेवला. वाकली. ओंजळ धरली. मंग तिथूनच भावजींना हाक मारली, "अवं, एक कपची न्हाय! आन् झरा चालू हाय!"

भावजी रडले, बघा. एवढा मोठा गडी.

नव्या विहिरीत पाषाण दुभंगला व्हता. फरश्यांचे मोठे तुकडे पुन्हा लावून दुसऱ्या दिवशी अजून एक सुरुंग झाला, आन् खालनं हाताएवढी धार आली. मृगाच्या आदल्या दिवशी गुडघाभर पाणी. पहिली घागर म्या भरली ती नारळ-कुंकू करून अक्काच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. अक्का आली, घागरीकडं बघितलं, माझ्याकडं न्हाय. दोन्ही हात लावून घागर उचलायला लागली. मी पुढं झाले आन् आत नेऊन ठेवली. मी वळून आले. तिचं बरोबरच व्हतं. जे मी बोलले ते एका घागरीनं धुऊन निघणारं नव्हतं.

ती कपची मिस्तरीनं जाताना नव्या विहिरीच्या काठावर धुण्याचा दगड म्हणून बसवून दिली. आता वस्तीतल्या सगळ्या बाया त्याच्यावर धुणं आपटत्यात. आपटताना मला एकदा तरी त्याची कोरी बाजू दिसती.

आन् खुंटी? ती तशीच व्हती भिंतीत, दोन बोटं आत, अर्धवट. ना ठोकायची सोय, ना उपटायची. रोज दिसायची. पंधरा दिवस झाले असतील. पेरण्या झाल्या व्हत्या, ओसरीवर फरशीच्या जागी म्या पुन्हा शेण-माती घातली व्हती. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. म्हणलं, किती दिवस हिला अशी लोंबकळत ठेवायची. हातोडा घेतला. भिंतीपुढं उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं आन् मिटलं. पुन्हा उघडलं आन् मिटलं. मी, कमल! जिच्या तोंडाला लगाम न्हाय! दोन शब्द निघंनात. हातोडा नुसता भिंतीला टेकला, 'टक' एवढाच आवाज झाला.

पल्याड पाय वाजले. लाकूड भिंतीला घासल्याचा आवाज आला. मंग कुणी तरी खांद्यानं दाबलं, भिंत माझ्या तळहाताला जाणवली.

"कमल," अक्का पल्याडनं म्हणली. "लावलाय पाट."

माझ्या डोळ्यांना धार लागली. हातोडा उचलंना.

"अगं, हाण की! उलथली का काय? ह्या मोडक्या हातानं किती वेळ धरू?"

"तुमी खांद्यानं धरलाय, मला ठावं हाय," म्या म्हणलं, रडत रडत.

"मंग खांदा काय तुझ्या बापाचा हाय? हाण, मेले!"

म्या हाणला. एक, दोन, तीन. खुंटी पुरी आत गेली. पल्याड मातीचा एक कण पडला न्हाय. म्या पदरानं तोंड पुसलं आन् चाळणी खुंटीला अडकवली.